स्वप्नात दिसलेला खुनी कोर्टात कसा उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "‘मीडियम’ ही अमेरिकन मालिका पाहून संपवली. त्यातल्या अ‍ॅलिसनला स्वप्नात खून दिसतात आणि ती सरकारी वकिलाच्या कचेरीला मदत करते. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खरोखर कुठले पोलीस अशी मदत घेतात का? आणि आपल्याकडे कोणी घेतलीच, तर ती केस कोर्टात टिकेल का?"

मी सव्वीस वर्षं सत्र न्यायालयात सरकार पक्षाची बाजू मांडली. बहुतेक खटले खुनाचे आणि खुनाच्या प्रयत्नाचे. आता निवृत्त आहे, म्हणून मालिका बघायला वेळ मिळतो. ‘मीडियम’ लेकीच्या आग्रहाने लावली आणि पहिल्या आठवड्यातच अर्धा सीझन संपवला, हे आधीच कबूल करते.

आधी छोटं उत्तर. अशी मदत घेतली जाते, पण क्वचित, आणि बहुतेक वेळा घरच्यांच्या समाधानासाठी. तिचा उपयोग झाल्याचं तपासून पाहिल्यावर कुठे दिसलेलं नाही. आणि केस टिकेल का, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वाईट आहे. अशी माहिती खरी निघाली तरी सरकार पक्षाची केस बुडवू शकते. माझी एक बुडाली आहे. त्याचं पुढे सांगते.

मालिकेबद्दल दोन शब्द. ग्लेन गॉर्डन कॅरन यांनी ती उभी केली. जानेवारी २००५ मध्ये एनबीसीवर सुरू झाली, शेवटचे दोन सीझन सीबीएसवर गेले आणि जानेवारी २०११ मध्ये संपली. सात सीझन, १३० भाग. पॅट्रिशिया आर्केटला पहिल्याच वर्षी यासाठी एमी मिळालं. अ‍ॅलिसन दुबॉय या नावाची खरी बाई अ‍ॅरिझोनात आहे, तिच्या दाव्यांवरून हे पात्र बेतलेलं. त्या दाव्यांवर शंका घेणारे पहिल्या दिवसापासून आहेत, मी त्या वादात पडत नाही.

मला मालिका आवडली ती स्वयंपाकघरामुळे. पहाटे तीनला ती दचकून उठते, शेजारी नवरा जो अर्धवट जागा होतो, आणि सकाळी तीन मुलींच्या ब्रेकफास्टच्या गडबडीत एखाद्या प्रेताचा विषय निघतो. दुपारी आरोपीच्या उलटतपासाची टिपणं काढायची आणि आदल्या रात्री पोराच्या शाळेचं कापडी गाढव शिवायचं, हे मी केलंय. त्या घरातली दमणूक खरी आहे. आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्यांनी अचूक पकडली. तिला स्वप्न खरं पडतं, पण अर्थ ती चुकीचा लावते. दिसलेला माणूस खुनी समजावा तर तो साक्षीदार निघतो. कोर्टात बसणाऱ्याला हे नवीन नाही. डोळ्यांनी पाहणाऱ्यांचंही असंच होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मालिका एक प्रश्न बाजूला ठेवूनच चालू शकते: "तुम्हाला हे कसं कळलं?" आमच्या धंद्यात त्याशिवाय दुसरा प्रश्नच नाही. खुनी कोण हे गावाला माहीत असतं, फौजदाराला माहीत असतं, पुष्कळदा न्यायाधीशांनाही मनातून माहीत असतं. त्याला कवडीची किंमत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘मला कळलं’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न येतोच, आणि केस त्या उत्तरावर उभी राहते किंवा पडते.

तुम्ही पुरावा कायदा शिकत असाल. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, हे जुनं कलम ६०. पाहिलेली गोष्ट असेल तर ती पाहिली असं सांगणारा हवा, ऐकलेली असेल तर ऐकणारा हवा. (जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि आकडे बदलले. आमच्या हाडात जुनेच मुरलेत, म्हणून तेच वापरते.) आमच्या बार रूममध्ये एकदा यावर तासभर वाद रंगला होता: स्वप्नात पाहिलं ते ‘पाहिलं’ धरायचं का? एका ज्येष्ठ वकिलांनी निकाल दिला, "धरा. पण मग आरोपीलाही म्हणू द्या, त्या रात्री मी स्वप्नात पंढरपूरला होतो." बरं, अ‍ॅलिसनला तज्ज्ञ म्हणून उभं करायचं म्हटलं, तर कलम ४५ मध्ये परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे असे विषय आहेत. त्यात अतींद्रिय दृष्टी बसवायची म्हणजे आधी ते शास्त्र आहे हे दाखवा. तिथेच थांबतं.

म्हणून मालिकेतला डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी देव्हालोस तिला कधी साक्षीला उभं करत नाही. ती पडद्यामागे असते. ती सांगते, मग डिटेक्टिव्ह स्कॅनलन कुठूनतरी ‘खरा’ पुरावा शोधून आणतो. इथे अमेरिका आणि आपण यांच्यातला एक फरक ध्यानात ठेवा. तिथला डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी निवडून आलेला असतो, त्याच्या कचेरीचे स्वतःचे तपासनीस असू शकतात, तो पोलिसांबरोबर सुरुवातीपासून बसतो. आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि खटला आमचा. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्टच सांगितलं की तपासाचा निष्कर्ष काय काढायचा यात सरकारी वकिलाने शिरायचं नाही. त्यामुळे आमच्या कचेरीत अ‍ॅलिसनची खुर्ची ठेवायला जागाच नाही. तिला यायचं झालं तर पोलीस ठाण्याच्या दारातून यावं लागेल. ज्युरी निवडायला ती मदत करते तो भाग तर आपल्याला लागूच नाही, आपली ज्युरी कधीच गेली.

पोलीस ठाण्याच्या दारातून मात्र तिला आत यायला एक फट आहे, आणि ती कायद्यातच आहे.

कुठलाही छाप्याचा पंचनामा उघडा. पहिल्या परिच्छेदात हे वाक्य असेल: "आज रोजी गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की..." हा बातमीदार कोण, हे कोर्टात सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही. जुनं कलम १२५, नवं १३१. कारण उघड आहे, नाव फुटलं तर बातमीदाराचा जीव जाईल. पण याचा अर्थ असाही होतो की ‘गुप्त बातमीदार’ या दोन शब्दांमागे दारूच्या गुत्त्यावरचा पोऱ्या असू शकतो, आरोपीची नाराज मेव्हणी असू शकते, आणि देवऋषीसुद्धा असू शकतो. कोणी विचारू शकत नाही. मालिकेचं सगळं गणित या एका फटीतून जातं.

मग अडचण कुठे येते? कलम २७ मध्ये. विद्यार्थी हे कलम पाठ करतात, पण त्याचा दात कुठे आहे ते खटला हरल्यावर कळतं. पोलीस कोठडीतल्या आरोपीचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेला सोडला, तर महत्त्वाचा अपवाद एकच: त्याने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीला आली, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) पुलुकुरी कोटय्याचा निकाल १९४७ पासून आम्ही याच मुद्द्यावर दाखवत आलो. ‘उघडकीला आली’ याचा अर्थ आधी पोलिसांना माहीत नव्हती. आधीच माहीत असेल तर आरोपीने सांगून काय उघडलं? काहीच नाही. नव्या कायद्यात हे कलम २३ च्या परंतुकात गेलंय, पण दात तोच आहे.

आता माझी केस. गावाचं नाव सांगत नाही. बांधावरून भांडण, कोयत्याने खून. मयताचा थोरला भाऊ दुसऱ्याच दिवशी एका देवऋष्याकडे गेला. त्याने पाटावर तांदूळ मांडले आणि सांगितलं, "लोखंड पाण्यात आहे, उगवतीला." गावाच्या उगवतीला दोन विहिरी. भाऊ पोलीस ठाण्यात येऊन बसला, उठेना. फौजदार मवाळ माणूस, त्याने घरच्यांच्या समाधानासाठी दोन शिपाई पाठवले. त्यांनी गळ टाकून जवळची विहीर पाहिली. एक फुटका पोहरा आणि सायकलची चेन निघाली. परत येऊन त्यांनी सांगितलं आणि ठाणे अंमलदाराने इमानाने स्टेशन डायरीत नोंद घातली: मयताच्या भावाच्या सांगण्यावरून अमुक गटातील विहीर पाहिली, काही मिळून आले नाही. वेळ सकाळी ११.४०.

तिसऱ्या दिवशी आरोपी अटक झाला. पंचांसमक्ष म्हणाला, कोयता विहिरीत टाकलाय, चला दाखवतो. निवेदन पंचनामा झाला. पंप लावून पाणी उपसलं आणि त्याच विहिरीच्या गाळात कोयता सापडला. गळाला लागला नव्हता, कारण मूठ कपारीत रुतली होती. पाण्यात राहिल्याने रक्ताबाबतचा अहवाल काही निष्कर्ष न देणारा आला. म्हणजे माझ्या हातात राहिलं काय, तर आरोपीने कोयता काढून दिला, एवढंच.

आरोपीचे वकील सत्तरीचे, तोंडात कायम लवंग. त्यांनी कोर्टाकडे अर्ज देऊन स्टेशन डायरी मागवून घेतली. तपासी अंमलदार पिंजऱ्यात होते. पहिला प्रश्न: "हत्यार त्या विहिरीत असू शकतं हे आरोपीच्या अटकेआधी तुमच्यापर्यंत आलं होतं, बरोबर?" उत्तर: "बरोबर." दुसरा प्रश्न: "कोणाकडून?" मी उठले, कलम १२५ म्हणाले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "सरकारी वकील, त्यांना नाव नकोय. त्यांना वेळ हवी आहे, आणि ती इथे लिहिली आहे. अकरा चाळीस."

लवंगवाल्या वकिलांनी तिसरा प्रश्न विचारलाच नाही. वाकून मानेनेच ‘थँक यू’ म्हणाले आणि बसले.

देवऋष्याला कोणी दोष दिला नाही, कारण कोर्टाच्या कागदावर तो कुठेच नव्हता. निकालपत्रात एवढंच आलं की सदर ठिकाण पोलिसांना पूर्वीपासून ज्ञात होते, सबब आरोपीच्या निवेदनाने काही नव्याने उघड झाले असे म्हणता येत नाही. बाकी दोन साक्षीदार आरोपी आणि मयताला शेवटचं एकत्र पाहिल्याचे होते, त्यातला एक फितूर झाला. आरोपी सुटला. मयताचा भाऊ बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "पण बाई, देवऋषी बरोबरच बोलला होता की." मला त्याच्यावर चिडताही आलं नाही.

आता देवऋषी ‘बरोबर’ कसा बोलला, तेही बघा. खेड्यातल्या खुनाचं हत्यार कुठे जातं? विहीर, ओढा, उसाचा फड, कडब्याची गंजी. ‘पाण्यात’ म्हटलं की निम्मी बाजी मारली. उगवतीला दोन विहिरी आणि मावळतीला ओढा, म्हणजे दिशाही फार चुकायला वाव नाही. न सापडता तर भावाने स्वतःच म्हटलं असतं, आपण चुकीच्या विहिरीत पाहिलं. जगभर हीच भाषा चालते. ‘पाणी जवळ आहे, झाडं दिसतात, एक आकडा दिसतो.’ सापडल्यावर मागे वळून सगळं जुळवता येतं.

हे नीट तपासलंही गेलंय. १९७९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रीझर यांनी बारा अतींद्रियवाद्यांना चार गुन्ह्यांतल्या वस्तू बंद पाकिटात दिल्या. दोन गुन्हे उलगडलेले, दोन न उलगडलेले, आणि कुठला कुठला ते देणाऱ्यालाही माहीत नाही. तपासाला लागेल असं जवळजवळ काहीच हाती आलं नाही. १९९६ मध्ये इंग्लंडात रिचर्ड वाइझमन यांनी हर्टफर्डशायर पोलिसांच्या मदतीने तीन अतींद्रियवाद्यांसमोर तीन विद्यार्थी बसवले आणि उलगडलेल्या गुन्ह्यांतल्या वस्तू दोघांनाही दिल्या. अंदाजापलीकडे कोणीच गेलं नाही.

प्रयोगशाळेबाहेरचे प्रसंग यापेक्षा जास्त बोलके आहेत. जानेवारी १९६६ मध्ये अ‍ॅडलेडच्या समुद्रकिनाऱ्यावरून तीन भावंडं नाहीशी झाली. वर्षअखेरीला हॉलंडचा नावाजलेला अतींद्रियवादी जेरार्ड क्रॉइझे तिथे आला आणि एका गोदामाकडे बोट दाखवलं. लोकांनी वर्गणी काढून गोदामाची जमीन खणायला लावली. काही निघालं नाही, मुलं आजवर सापडली नाहीत. जून २०११ मध्ये टेक्सासमध्ये हार्डिनजवळच्या एका घरात पंचवीस-तीस प्रेतं पुरल्याचा फोन एका बाईने पोलिसांना केला. पोलीस, एफबीआय, डोक्यावर वाहिन्यांची हेलिकॉप्टरं. प्रेत एकही नव्हतं. घरमालकांनी खटला भरला आणि २०१३ मध्ये कोर्टाने त्या बाईवर सुमारे ६८ लाख डॉलरची भरपाई लावली.

सगळ्यात वाईट मला सिल्व्हिया ब्राउनचं वाटतं. ती अमेरिकेतल्या दुपारच्या टीव्हीवरची मोठी असामी. क्लीव्हलँडची अमांडा बेरी २००३ मध्ये बेपत्ता झाली. २००४ मध्ये कार्यक्रमात बसलेल्या तिच्या आईला ब्राउनबाईंनी तोंडावर सांगितलं की मुलगी जिवंत नाही. आई २००६ मध्ये वारली. मे २०१३ मध्ये अमांडा एका घराचं दार फोडून बाहेर आली, जिवंत. बेपत्ता मुलीच्या आईसमोर मी पुष्कळदा बसले आहे. तिला कोणीतरी ठाम बोलणारं माणूस हवं असतं. पोलीस ठाम बोलत नाहीत, वकील तर मुळीच नाही. ती पोकळी कोण भरणार हे मग ठरलेलंच असतं.

माहिती खरी निघाली तर सांगणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न मालिका फारसा विचारत नाही. डिसेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नोकरदार बाईने पोलिसांना सांगितलं की बेपत्ता असलेल्या एका नर्सचं प्रेत अमुक डोंगराळ भागात आहे, मला ‘दिसलं’. ती स्वतः मुलांना घेऊन तिथे गेली आणि प्रेत खरंच होतं. पोलिसांनी तिलाच धरलं. चार दिवस तुरुंगात काढल्यावर खरे मारेकरी सापडले आणि ती सुटली. पुढे तिने खटला भरला आणि १९८७ मध्ये तिला सव्वीस हजार डॉलरच्या आसपास भरपाई मिळाली. मी पोलिसांना नावं ठेवणार नाही. ज्याला प्रेताची जागा माहीत आहे, त्याला ती कशी माहीत झाली हे विचारणं हेच तपासाचं पहिलं पाऊल आहे. आपल्याकडे पुरावा कायद्याचं कलम ८ (संशयिताचं वागणं) आणि १०६ (जे त्यालाच खास माहीत, ते त्यानेच सांगावं) घेऊन मीही तिच्याकडेच आधी वळले असते. ‘सायक’ नावाची विनोदी मालिका आहे, २००६ ची. त्यातला शॉन फोनवरून पोलिसांना इतक्या अचूक टिपा देतो की ते त्यालाच संशयित ठरवतात, आणि सुटायला तो थाप मारतो की आपण अतींद्रियवादी आहोत. ‘मीडियम’च्या गंभीर चेहऱ्यापेक्षा या थट्टेत कायदा जास्त आहे, असं माझं मत.

आपल्याकडचं विचारलंत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला. पुढच्या वर्षी एका इंग्रजी साप्ताहिकाने छापलं की त्या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतला. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी ते साफ नाकारलं. खरं-खोटं काहीही असो, अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाच्या खुनात हा आरोप नुसता होऊ शकतो, यानेच त्या वेळी आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. ज्यांनी पाहिलं त्यांनी कोर्टात येऊन सांगितलं, ते कामी आलं.

मात्र सुशिक्षितांचा देवऋषी वेगळा असतो, त्याला वायरी असतात. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात बीईओएस चाचणीचा आधार घेऊन शिक्षा दिली. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशी वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूत ‘अनुभवाची आठवण’ उमटते का ते यंत्राने सांगायचं. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी कपाळाला हात लावला. मे २०१० मध्ये सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा नाही. त्यातून पुढे काही उघडकीला आलं तर ते कलम २७ खाली येऊ शकेल. म्हणजे फिरून तीच विहीर, तोच कोयता आणि तीच अकरा चाळीसची नोंद. परीक्षेत विचारलं तर हा धागा जरूर लिहा, परीक्षक खूश होतील.

मालिका लिहिणाऱ्यांना कायदा कळत नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. तिसऱ्या सीझनच्या शेवटी सरकारी कचेरी एका अतींद्रियवादी बाईला सल्लागार ठेवते हे बाहेर फुटतं. चौथा सीझन उघडतो तेव्हा देव्हालोसची खुर्ची गेलेली आहे आणि अ‍ॅलिसन बेकार आहे. हे अगदी बरोबर आहे. अमेरिकेत १९६३ च्या ब्रॅडी निकालापासून आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाला दडवता येत नाही. अ‍ॅलिसन एका केसमध्ये ‘हा खुनी नाही’ म्हणाली असेल, तर ते बचाव पक्षाला सांगायला हवं होतं का? ‘तिचं म्हणणं विश्वासार्ह नव्हतं’ म्हणालात, तर मग पगार कशाबद्दल दिलात? विश्वासार्ह होतं म्हणालात, तर दडवलंत का? तिच्या काळातली प्रत्येक शिक्षा पुन्हा उघडायला चांगला वकील एवढ्या दोन प्रश्नांवर अर्ज करेल. मला तर तो लवंगवालाच डोळ्यासमोर आला.

शेवटी एक, जे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तुम्ही पुढे सरकारी वकील किंवा पोलीस झालात आणि कोणी येऊन म्हणालं, ‘मला स्वप्नात दिसलं’, तर हसू नका. हाकलूनही देऊ नका.

माझ्याकडे एकदा तपासी अंमलदार एका बाईला घेऊन आले. तिच्या चुलत दिराचा खून झालेला, आरोपींमध्ये तिचा सख्खा दीर. बारा दिवस गप्प होती. आता म्हणत होती की मयत रोज स्वप्नात येतो आणि आपल्याला कसं मारलं ते दाखवतो. अंमलदार डोळ्यांनीच मला विचारत होते, हिला वाटेला लावू का? मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, स्वप्नात हे सगळं दिसतं तेव्हा तुम्ही कुठे उभ्या असता?"

ती लगेच म्हणाली, "मोरीच्या खिडकीपाशी."

"हातात काय असतं?"

"तांब्या."

"आणि उजेड?"

"खांबावरचा बल्ब."

मग ती रडायला लागली. सासू, नवरा, दीर एकाच घरात. त्या घरच्या सुनेने ‘मी पाहिलं’ म्हणायचं म्हणजे रात्री परत कुठे जायचं? ‘स्वप्नात आलं’ म्हटलं की तिने काही सांगितलं नाही, मेलेल्यानेच सांगितलं. तिला माहेरी पोचवायची सोय झाली, मग जबाब, मग मॅजिस्ट्रेटपुढे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली जबाब. स्वप्न हा शब्द मी तिला वगळायला सांगितला नाही. तिनेच पुन्हा उच्चारला नाही.

उलटतपासात बारा दिवसांच्या उशिरावरून तिला तासभर सोलून काढलं. ती एकच सांगत राहिली, भीती वाटत होती. न्यायाधीशांनी उशिराचं कारण मान्य केलं. पण त्याआधी आम्ही पंचांना घेऊन त्या घरी गेलो होतो, मोरीच्या खिडकीतून टेप टाकला होता. घटनेची जागा एकतीस फुटांवर. खांब मध्येच, थोडा डावीकडे. बल्ब साठ वॉटचा, आणि त्या रात्री वीज गेलेली नव्हती याचा वीज मंडळाचा दाखला मी आरोपपत्राला जोडून घेतला होता.